दे आणि द्या

शुक्रवारी संध्याकाळी स्लोव्हाकियातल्या नित्रा शहरातल्या दुकानांत गर्दी असते. आठवड्याचं सामान भरायचं असतं, रविवारच्या सूपसाठी हाडं आणि गाजरं न्यायची असतात. अशाच एका शुक्रवारी मी हॅम आणि चीजच्या काउंटरपुढे रांगेत उभी होते. पुढे पंचविशीतला एक सावळा मुलगा होता, पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं जाड जाकीट. त्याच्या पुढे लोकरीची टोपी घातलेल्या एक आजी. ओल्या कोटांचा वास, धुरी दिलेल्या मांसाचा वास, आणि हॅम कापणाऱ्या यंत्राची संथ घरघर. काउंटरमागच्या बाई आजींना म्हणाल्या, "न्येख सा पाची, चो सी झेलात्ये?" म्हणजे, या, काय देऊ आपल्याला? आजींनी सावकाश सांगितलं, बाईंनी तितक्याच सावकाश कापून कागदात गुंडाळलं, "एश्त्ये न्येचो?" अजून काही, असंही विचारलं. आजी निघाल्या. मुलगा पुढे सरकला. बाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "चो ख्चेश?" काय पाहिजे तुला? मुलगा म्हणाला, "दोब्री द्येन्. प्रोसीम सी द्वात्सात्य देका शुन्की." नमस्कार, वीस देका हॅम द्या, कृपा करून. पुडकं घेतलं, "द्याकुयेम पेक्ने, दोविद्येनिया," म्हणाला आणि गेला. मग माझा नंबर. बाईंची नजर माझ्या चेहऱ्यावर, कोटावर, हातातल्या यादीवर फिरली. आणि त्या म्हणाल्या, "न्येख सा पाची."

आजींना तुम्ही, त्याला तू, मला पुन्हा तुम्ही.

घरी येऊन सामान लावताना, भाजी फोडणीला टाकताना, रात्री दिवा मालवल्यावरसुद्धा ते दोन शब्द कानात होते. त्या बाईंचा आवाज कडवट नव्हता, हे मला पुन्हापुन्हा आठवत होतं. त्यांनी मुलाला टोकाचं सुकलेलं हॅम दिलं नाही, नवा तुकडा फोडून त्यातलं कापून दिलं. कदाचित त्या थोडं हसल्याही असतील. तरीही एका क्षणात, फक्त चेहरा आणि जाकीट बघून, त्यांनी ठरवलं होतं की याला 'आपण' म्हणायची गरज नाही. आणि मुलाने मात्र त्यांच्याशी बोलताना एकही पायरी गाळली नव्हती. अभिवादन, विनंती, आभार, निरोप, सगळं जागच्या जागी. दोघांमध्ये स्लोव्हाक भाषेचे शिष्टाचार ज्याने पूर्ण पाळले तो परका होता.

आम्ही इथे आलो ते गाड्यांमुळे. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार लँड रोव्हर घेतली आणि त्या कंपनीचा कारखाना २०१८ मध्ये नित्रात सुरू झाला, एवढं सांगितलं की पुण्या-चाकणच्या माणसांना पुढचं सांगावं लागत नाही. जेमतेम ५४ लाख वस्तीचा हा देश, पण ब्रातिस्लावा, त्र्नावा, झिलिना आणि नित्रा अशा चार शहरांत गाड्या बनतात, आणि त्यांच्या भोवती सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यांची आणि गोदामांची रांग. नवरा कामावर, मुलगी शाळेत, आणि मी दुकानात. त्यामुळे माझी स्लोव्हाक दुकानापासून सुरू झाली. पहिले धडे काउंटरवरचे, पहिल्या परीक्षा गल्ल्यावरच्या. मी शब्द वहीत देवनागरीत लिहून घेत असे आणि तेव्हा एक सुखद शोध लागला, तो म्हणजे मराठी जीभ या भाषेला फार अनुकूल आहे. साखरेला इथे 'चुकोर' म्हणतात, त्यातला च आपल्या 'चूल'मधला. मेंढीच्या दुधाच्या मऊ, खारट चीजला 'ब्रिंजा' म्हणतात, त्यातला ज 'जरा'मधला. नवऱ्याच्या उत्तर भारतातल्या सहकाऱ्यांना हे दोन उच्चार शिकायला वेळ लागला, आम्हाला ते घरातच होते. जोर नेहमी पहिल्या अक्षरावर. आणि 'श्त्वर्त्य', म्हणजे पाव, चतुर्थांश, हा शब्द आधी तोंडात दगडासारखा वाटतो. त्यात स्वरच नाही, र स्वराचं काम करतो. पण 'श्त्वर्त्य किला' म्हणून पाव किलो चीज मागायचं असेल तर म्हणावाच लागतो, आणि म्हणता म्हणता येतो.

इथल्या दुकानातलं बोलणं ठरलेल्या क्रमाने जातं, आणि हा क्रमच मला सुरुवातीच्या दिवसांत आधार वाटला. आत शिरताना 'दोब्री द्येन्'. काउंटरपाशी 'प्रोसीम सी' अमुक. हॅम, चीज, सलाड हे ग्रॅममध्ये कोणी मागत नाही, ते 'देका'त मागायचं. एक देका म्हणजे दहा ग्रॅम. 'द्येसात्य देका' म्हणजे शंभर ग्रॅम, दोघांच्या न्याहारीला पुरे. मग ते रोज खाल्ले जाणारे लांबोडके पाव. एक असेल तर 'रोझोक', दोन-तीन-चार असतील तर 'रोश्की', आणि पाच झाले की शब्द पुन्हा बदलतो, 'पेत्य रोश्कोउ'. ते सुटे घेऊन आपणच पिशवीत भरायचे असतात, म्हणून गल्ल्यावरची बाई विचारते, किती आहेत? आपण सांगू तो आकडा ती मानते. पिशवी उघडून मोजत नाही. या विश्वासाचं मला आजही अप्रूप आहे. मग कार्ड की रोख. रोख असेल तर 'द्रोब्ने' म्हणजे सुटे आहेत का, हा प्रश्न, जो ऐकून सातारच्या एसटी कंडक्टरची आठवण येते. २०२२ च्या जुलैपासून रोखीचा हिशोब पाच सेंटच्या पटीत धरतात, त्यामुळे एक-दोन सेंटची चिल्लर शोधत खिसे चाचपणाऱ्या आजोबांमुळे थांबलेल्या रांगा कमी झाल्या. आणि शेवटी 'दोविद्येनिया', पुन्हा भेटू. कधीकधी 'पेक्नी द्येन्', दिवस छान जावो, त्यावर 'आय वाम', तुमचाही. या सगळ्यात हसणं अनिवार्य नसतं. इथल्या जुन्या दुकानांतल्या बाया फारशा हसत नाहीत. पण अभिवादनाला उत्तर आलं नाही असं सहसा होत नाही.

'न्येख सा पाची' या शब्दांवर माझा विशेष जीव आहे. रांगेतल्या पुढच्या गिऱ्हाइकाला बोलवायला तेच, सुटे पैसे हातावर ठेवताना तेच, बसमध्ये उठून म्हाताऱ्या माणसाला जागा देताना तेच, दार धरून 'तुम्ही आधी' म्हणताना तेच, आणि ताटातली केकची फोड पुढे करतानाही तेच. शब्दशः बघितलं तर 'आपल्याला रुचो' असं काहीसं. ऐकताना मात्र त्यात नेहमी एक हात पुढे झालेला दिसतो, कधी तळवा वर, कधी दाराकडे. त्या मुलाला ते तीन शब्द मिळाले नव्हते. माझ्या मनातला सल बहुधा तिथलाच होता.

परगावाहून आलेल्याला इथे सगळ्यात आधी जाणवतो तो अभिवादनाचा नेम. डॉक्टरकडे तपासणीची वाट बघत दहा माणसं बसलेली असतात, कोणी कोणाला ओळखत नाही. दार उघडून अकरावा येतो आणि सगळ्या खोलीला उद्देशून म्हणतो, 'दोब्री द्येन्'. खोलीतून पुटपुटल्यासारखी दहा उत्तरं येतात. लिफ्टमध्ये तेच, बाहेर पडताना 'दोविद्येनिया'. खेड्यात रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही नमस्कार होतो, आपल्याकडे गावात 'राम राम पाव्हणं' होतं तसाच. या अभिवादनांना इतिहास आहे. खेड्यातली जुनी धार्मिक माणसं अजूनही 'येशू ख्रिस्ताची स्तुती असो' या अर्थाचं अभिवादन करतात आणि उत्तर येतं, 'सदैव, आमेन'. समाजवादी राजवटीत कचेऱ्यांतून 'चेस्त्य प्राची' म्हणायची पद्धत होती, म्हणजे श्रमाला मान. (हा 'प्राची' आपली पूर्व दिशा नव्हे, त्यातला च जीभ दाताला लावून म्हणायचा.) जुन्या वळणाचे एखादे आजोबा बायकांना 'रुकी बोस्कावाम' म्हणतात, हातांचं चुंबन घेतो. राजवटी बदलल्या, देश १९९३ साली वेगळा झाला, नाणी बदलून २००९ पासून युरो आला. या सगळ्यातून साधं 'दोब्री द्येन्' टिकून राहिलं. त्यात देव नाही, पक्ष नाही, फक्त समोरचा माणूस दिसल्याची पोच आहे.

आता तू आणि तुम्हीचं. स्लोव्हाकमध्ये तू म्हणण्याला 'तिकानिए' आणि तुम्ही म्हणण्याला 'विकानिए' असे दोन वेगळे शब्दच आहेत, आणि माणसं त्यांच्याविषयी उघडपणे बोलतात. शेजारी वर्षानुवर्षं एकमेकांना तुम्ही म्हणत राहतात. मग एके दिवशी दोघांतला वयाने मोठा, किंवा बाई असेल तर ती, विचारते, "म्वोझेमे सी तिकात्य?" आपण अरेतुरे करूया का? हात मिळवले जातात, बरेचदा पेलेही भिडतात. लहानाने हा प्रस्ताव मांडायचा नसतो. शिष्टाचारावर बोलणारी इंग्रजी पुस्तकं हे समजावताना पानं खर्ची घालतात. मराठी माणसाला एका वाक्यात कळतं. 'दाय' म्हणजे दे, 'दायत्ये' म्हणजे द्या. 'पोद्य' म्हणजे ये, 'पोद्यत्ये' म्हणजे या. 'पोच्काय' थांब, 'पोच्कायत्ये' थांबा. शेवटी 'त्ये' लागला की माणूस उभा राहून बोलतोय असं समजावं. आणि याच्याही पुढचं एक दिवस माझ्या शेजारीणबाईंच्या तोंडून ऐकलं तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला होता. त्यांना मी 'पानी सुसेदा' म्हणते, शेजारीणबाई. त्या आपल्या आईच्या मुरंब्याविषयी सांगत होत्या आणि म्हणाल्या, "मामिच्का पोवेदाली." आई म्हणाल्या. एकटी आई, आणि क्रियापद अनेकवचनी. गावाकडे जुन्या लोकांत अशी पद्धत होती, त्या म्हणाल्या. आईवडिलांना तुम्ही म्हणायचं आणि त्यांच्या माघारीसुद्धा अनेकवचनातच बोलायचं. शाळेत शहरातली मुलं हसायची म्हणून त्यांनी ते सोडलं, पण आईविषयी बोलताना अजून येतं. मी त्यांना सांगितलं की माझ्या आजोळी आजोबांविषयी 'आजोबा म्हणाला' असं कोणी म्हटलं असतं तर जेवायला मिळालं नसतं. त्या खूप हसल्या, मग काही वेळ आपल्या आईविषयीच बोलत राहिल्या.

म्हणूनच त्या 'चो ख्चेश'चा अर्थ मला भाषांतराशिवाय लागला. ज्याच्या भाषेत तू आणि तुम्ही आहे त्याच्या कानाला या गोष्टी कातडीसारख्या कळतात. आणि कळतं म्हणूनच आपलं घरही आठवतं. साताऱ्याला मी आजीबरोबर मंडईत जायची. पहाटेची ओली मेथी, गूळ, माशा, पोत्यांचा वास. आजी भाजीवालीला म्हणायची, "ए मावशे, कशी दिलीस गं जुडी?" आणि भाजीवाली, जी आजीपेक्षा चारदोन वर्षांनी मोठीच असेल, म्हणायची, "घ्या की आक्का, तुम्हाला म्हणून दहाला दोन." नातं होतं, मावशी होती, आक्का होती, वर्षानुवर्षांची ओळख होती. तरी एकीकडून तू जायचं आणि दुसरीकडून तुम्ही यायचं. ते उलटं झालेलं मी कधी ऐकलं नाही. ओझं वाहणारा हमाल पांढऱ्या मिशांचा असला तरी 'ए, उचल रे'. त्याच आजीच्या देव्हाऱ्यात विठोबाला तू होता, आणि त्या तू मध्ये जगातलं सगळं प्रेम होतं. इथेही प्रार्थनेत देवाला तूच म्हणतात. म्हणजे तू हा शब्द वाईट नाही. तो कोण कोणाला म्हणतो, आणि परत काय येतं, त्यावर सगळं अवलंबून.

इथे कष्टाच्या कामाला नावानिशी मान आहे, आणि तो मला फार आवडतो. दुकानातल्या विक्रेतीला 'पानी प्रेदावाच्का' म्हणून हाक मारतात, शाळेच्या शिपाईबाईंना आणि साफसफाई करणाऱ्या बाईंनाही 'पानी' लावूनच, आणि अर्थात तुम्ही. मुलीच्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी तिला शिकवलं ते हेच, की जिना पुसणाऱ्या बाई दिसल्या की आधी तू नमस्कार करायचा. हे इतकं अंगवळणी पडलेलं असताना तो मान एका चेहऱ्यापाशी येऊन थांबतो, तेव्हा तो थांबलेला ठळक दिसतो. सगळ्यांनाच तू म्हणणाऱ्या देशात तो दिसला नसता.

मी शेवटी पानी सुसेदांना विचारलं. त्यांनाच विचारण्याचं कारण असं की त्या आयुष्यभर किराणा दुकानात काउंटरमागे उभ्या होत्या. नाताळात संत्री आणि केळी यायची तेव्हा दाराबाहेर रांग लागायची, आणि ओळखीच्यांसाठी 'पोद पुल्तोम', काउंटरखाली, थोडा माल राखलेला असायचा, त्या काळापासून. मी प्रसंग सांगितला. त्या म्हणाल्या, "अगं, लहान आहे तो. माझ्या नातवाएवढा. प्रेमाने म्हणाली असेल." (मला त्या आता तू म्हणतात, तो प्रस्ताव त्यांनीच मांडला होता आणि मी त्यांना तुम्हीच म्हणत राहीन म्हणाले, ते त्यांनी मानलं.) मी विचारलं, त्याच वयाचा स्लोव्हाक मुलगा असता तर? अनोळखी, मोठा झालेला, जाकीट घातलेला? त्या थांबल्या. हातातल्या सुरीने खसखशीच्या केकचा काप सरळ करत राहिल्या. "त्याला तुम्ही म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. आणि मग हळूच, "न्ये ये तो पेक्ने." हे चांगलं नाही. मी काही बोलले नाही. केक फार छान झाला होता. इथली खसखस निळसर काळी असते, बाजारात भरपूर मिळते, आणि दिवाळीत मी तिच्यावरच अनारसे थापते. आपण पुरणपोळीवर करतो तितकंच प्रेम हे लोक खसखशीवर करतात. कप भरताना त्या पुढे म्हणाल्या, "पण ही मुलंसुद्धा दुकानात येऊन 'दाय' म्हणतात गं. दे. मोठ्या बाईला. आधी कानाला लागतं. मग आपणही तसंच बोलायला लागतो."

हे खरं होतं, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. बाहेरून आलेली मुलं, नेपाळची, व्हिएतनामची, सर्बियाची, आपल्याकडची, स्लोव्हाक कुठे शिकतात? वर्गात नाही, कामावर. कारखान्यांत आणि गोदामांत कामगार एकमेकांना तू म्हणतात, ती तिथली बरोबरीची भाषा आहे. यंत्राच्या आवाजात जे कानावर पडतं ते आज्ञार्थी एकवचन. दे. ये. थांब. उचल. इकडे बघ. महिन्याभरात मुलं हे शब्द पक्के शिकतात आणि शनिवारी तेच घेऊन दुकानात जातात. काउंटरपाशी 'दाय मी चीज' म्हणतात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी एक अख्खं, बरोबर स्लोव्हाक वाक्य बोललेलं असतं. बाईंच्या दृष्टीने एका पोराने त्यांना ए म्हटलेलं असतं. बाई त्यांना तू म्हणू लागतात, मुलं ते ऐकून पक्कं करतात की इथे असंच बोलायचं असतं, आणि पुढच्या शनिवारी अजून मोठ्याने तू. त्यात भर म्हणून परक्याला समजावं या हेतूने काही लोक मोडकी स्लोव्हाक बोलतात, 'तू थांबणे, तू पैसे देणे' अशी. ज्याला सतत असंच ऐकवलं जातं त्याने नीट भाषा कुठून उचलायची? मग हॅमच्या काउंटरवरचा तो मुलगा इतकं नेटकं कुठून शिकला होता? कोणीतरी त्याला बसवून शिकवलं असणार, किंवा तो आजींच्या मागे रांगेत उभं राहून कान देऊन ऐकत असणार.

आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय हे पुरं होत नाही. या देशात आमच्यासारखे दिसणारे लोक शेकडो वर्षांपासून राहतात. रोमा. त्यांचे पूर्वज भारतातून निघाले, हे त्यांच्या भाषेवरून सिद्ध झालेलं आहे, आणि सावळ्या चेहऱ्याला काउंटरवर तू ऐकावं लागणं त्यांना नवं नाही. एकदा बसथांब्यावर एक रोमा बाई आपल्या लहानग्याला बोटांवर आकडे शिकवत होती. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज. मी दचकून वळले. पांज! पुढे सात-आठ-नऊ ग्रीक वळणाचे आले आणि मग 'देश', दहा. नाकाला 'नाख', जिभेला 'छिब', माणसाला 'मानुश', हे मी नंतर वाचलं. त्या बाईने माझ्याकडे बघितलं, मी तिला 'दोब्री द्येन्' म्हणाले, तिने उत्तर दिलं, आणि मग विचारलं, तू आमची का? तिच्या तू मध्ये काउंटरवरचा तू नव्हता. मी म्हटलं, भारतातली. ती म्हणाली, "हो, तेच." आणि बस आली. मला या प्रसंगातून फार मोठं काही बांधायचं नाही. पण त्यानंतर दुकानात माझ्या वाट्याला 'न्येख सा पाची' येतं तेव्हा ते कोणाकोणाला येत नाही याचाही विचार डोक्यात येतो. माझा कोट चांगला आहे, माझी स्लोव्हाक बऱ्यापैकी आहे, मी बाई आहे आणि चाळिशीची आहे. यातलं एखादं कमी असतं तर?

मग मी एक गोष्ट सुरू केली. नवऱ्याच्या ओळखीतून महाराष्ट्रातली काही मुलं इथे आली आहेत, कोणी चाकणहून, कोणी कोल्हापूरकडचा, कोणी नांदेडचा. बहुतेक सुट्या भागांच्या कंपन्यांत आहेत. रविवारी दुपारी ती आमच्याकडे जेवायला येतात आणि जेवणानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती वह्या उघडतात. मी त्यांना शिकवते ते फक्त दुकानातलं आणि जिन्यातलं बोलणं. देवनागरीत लिहायला सांगते, कारण तसं लिहिलं की उच्चार सरळ येतो. पहिला नियम मी एवढाच सांगते, कामावर शिकलेल्या प्रत्येक आज्ञेला 'त्ये' लावा, आणि मग दुकानात जा. दे नाही, द्या. आणि खरं तर द्या सुद्धा नाही, 'प्रोसीम सी' म्हणा. गर्दीतून पुढे जाताना 'झ्दोवोल्येनीम', परवानगीने. चुकून धक्का लागला तर 'प्रेपाचत्ये'. फोन उचलला की 'प्रोसीम', ठेवताना 'दोपोचुत्या', पुन्हा ऐकू. कोणी शिंकलं तर 'ना झ्द्रावीए'. कोणी जेवत असेल तर, ओळख असो नसो, 'दोब्रू खुत्य'. मुलांना हे शेवटचं फार आवडतं. नांदेडचा मुलगा म्हणाला, डबा खायच्या सुट्टीत त्याने टेबलावरच्या सगळ्यांना 'दोब्रू खुत्य' म्हटलं, तर ज्या फोरमनने तोवर त्याच्याशी खुणांशिवाय बोलणं केलं नव्हतं तो वर बघून म्हणाला, "द्याकुयेम, आय तेबे," तुलाही. त्या दिवसापासून तो फोरमन सकाळी त्याला आधी नमस्कार करतो. दोघं एकमेकांना तू म्हणतात, आणि तो तू बरोबरीचा आहे.

मागच्या रविवारी मी त्यांना हॅमच्या काउंटरवरचं सांगितलं. सगळे एकदम बोलायला लागले, प्रत्येकाकडे तसा एक काउंटर होता. कोल्हापूरकडचा मुलगा शांत होता. मग म्हणाला, "वहिनी, आपण सगळं बरोबर बोललो आणि तरी समोरून तू आलं तर काय म्हणायचं?" मी त्याला वाक्य सांगितलं. "विकायत्ये मी, प्रोसीम." मला तुम्ही म्हणा, कृपा करून. पूर्ण सभ्य वाक्य आहे, 'त्ये' लावलेलं, प्रोसीमसकट. कुठलाही स्लोव्हाक मोठा माणूस ते गरज पडल्यास म्हणतो. मुलगा बराच वेळ वहीकडे बघत बसला. "नाही वहिनी," तो म्हणाला, "हे माझ्याच्याने नाही म्हणवणार. मागून घेतलेला मान मला नको." चाकणचा म्हणाला, मागायचा कसला, आपलाच आहे तो, आपण त्यांना देतोय ना. दोघांचं जुंपलं. एक म्हणाला, तुझ्या आज्याने मागितला असता का? दुसरा म्हणाला, माझ्या आज्याला मिळालाच नाही कधी, म्हणून तर. तिसऱ्याने मध्येच विचारलं की 'विकायत्ये' मधला वि ऱ्हस्व की दीर्घ.

ऱ्हस्व, मी म्हटलं. म्हणायचं की नाही ते ज्याने त्याने ठरवावं, पण वाक्य सगळ्यांनी लिहून घ्यायचं, आणि पुढच्या रविवारी पाठ म्हणून दाखवायचं. कोल्हापूरच्या मुलानेही लिहिलं.